वाढीव पावणेचार फूट

मी मापात चुकत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला उलट वाटायचं. छत्तीस वर्षं मी पडदे शिवते. माझा पडदा जमिनीपासून बोटभर वर थांबतो, ना लोळत, ना लटकत. शाळा माझी चौथीत सुटली, पण फूट आणि इंच मला कुणी शिकवावे लागले नाहीत. टेप सदानकदा गळ्यात असते. आंघोळीला तेवढी काढते.

आमच्याकडे एक व्हॅन होती. बारा फुटांची, पांढरी, म्हणजे घेतली तेव्हा पांढरी. मागे पडद्यांच्या गुंडाळ्या, मध्ये सून आणि नातवंडं, पुढे मी, आणि चालवायला मुलगा. ह्यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, जिथे जागा उरेल तिथे. पडद्यांच्या दांड्या माझ्या खांद्यावरून थेट पुढच्या काचेपर्यंत यायच्या आणि गाडी वळली की माझं कानशील तपासून जायच्या. त्याचं मला काही नव्हतं. मला बोचायचं ते वेगळंच. मोठ्या बंगल्यावर पडदे पोचवायला गेलं की फाटकावरचा रखवालदार व्हॅनकडे बघून माशी हाकलल्यासारखा हात हलवायचा. "सामानाची गाडी मागून." छत्तीस वर्षं हे ऐकलं. दिवाणखान्याचे पडदे माझे, आणि मी शिरायची मोरीच्या बाजूनं.

म्हणून मी ठरवलं की आता गाडी घ्यायची ती अशी, की फाटकाची दोन्ही दारं उघडली पाहिजेत.

शोरूममध्ये मुलगा मला एका गाडीसमोर घेऊन गेला आणि देवासमोर उभं राहावं तसा उभा राहिला. गडद निळी, मखमलीवरून हात फिरवला की जशी छटा बदलते तशी अंगावर छटा बदलणारी. कोटवाला विक्रेता म्हणाला, "ही ग्रँड टूरर, मॅडम. लांबच्या प्रवासाची गाडी. राजेशाही काम."

मी टेप काढली. एक टोक मुलाला धरायला लावलं, नाकापासून शेपटीपर्यंत माप घेतलं आणि वहीत लिहिलं. पंधरा फूट नऊ इंच. म्हणजे व्हॅनपेक्षा पावणेचार फूट जास्त. बारा फुटांत सहा माणसं आणि गुंडाळ्या मावत होत्या, तर ह्या पावणेचार फुटांत आणखी काय काय मावेल, हे मी जागच्या जागी मनात मांडून टाकलं.

"आई, एकदा आत बसून तर बघ," मुलगा म्हणाला.

"आत गादीच असणार. गादी काय बघायची?"

"दोनच दारं आहेत पण."

"व्हॅनची तरी सगळी कुठे उघडत होती?"

मुलगा पुन्हा गाडीकडे बघायला लागला. तेव्हा मला वाटलं, आईचं पटलं. आता कळतंय, त्याला ती गाडी इतकी आवडली होती की त्याला आणखी बोलायचंच नव्हतं.

व्हॅन आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या लाँड्रीवाल्याला दिली. भला माणूस. किल्ली घेताना म्हणाला, "काकू, कधी लागली तर हक्कानं मागा." मी म्हटलं, "मला काय करायचीय ती आता." हे वाक्य लक्षात ठेवा. मला तर ठेवावंच लागलं.

गाडी घरी आली तेव्हा बिल्डिंगमधले सगळे खाली जमले होते. फाटकाशी एक स्पीडब्रेकर आहे, व्हॅन त्यावरून टुणकन उडी मारायची. ही गाडी त्याच्यावर पोट टेकून बसली. तव्यावर उलथनं खरवडावं तसा आवाज आला. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर गॅलरीतून म्हणाले, "तिरकी घ्या, तिरकी." तिरकी घेतली. तिरकी टेकली. मग ते म्हणाले, "उलटी घ्या." शेवटी दोन फळ्या घालून, शेजाऱ्यांनी चारी बाजूंनी चार वेगवेगळ्या सूचना देत, गाडी आत आली. जणू म्हैस गोठ्यात घालताहेत.

आमची पार्किंगची जागा पंधरा फुटांची. गाडीचं नाक नऊ इंच बाहेर. सेक्रेटरीनं दुसऱ्याच दिवशी नोटीस लावली की वाहनाचा पुढील भाग सामाईक जागेत येतो. मी गाडी फिरवून घ्यायला लावली. मग नोटीस आली की वाहनाचा मागील भाग सामाईक जागेत येतो. मी सेक्रेटरीला विचारलं, "तुम्हाला कोणता भाग चालेल तो सांगा, तो बाहेर ठेवते." तो म्हणाला, मीटिंगमध्ये विषय घेतो. विषय घेतला. दीड तास चर्चा झाली. निम्मे लोक नाकाच्या बाजूचे होते आणि निम्मे शेपटीच्या.

शिवाय बाजूला खांब. गाडीची दारं इतकी लांब की खांबाशी पुरती उघडेनात. म्हणजे गाडी आधी बाहेर काढायची, फाटकाशी उभी करायची आणि मग सगळ्या बिल्डिंगच्या देखत मी तिच्यात बसायचं.

आता हे बसणं म्हणजे काय ते सांगते. व्हॅनमध्ये मी चढत असे. ह्या गाडीत उतरावं लागतं, विहिरीत उतरावं तसं. गादी जमिनीपासून हातभरसुद्धा नाही. पहिल्या दिवशी मी आधी पाय घातला, तर डोकं बाहेर राहिलं. डोकं घातलं, तर बाकीची मी बाहेर राहिले. मास्तर वरून म्हणाले, "आधी टेका, मग दोन्ही पाय एकदम आत घ्या." सून म्हणाली, "आई, तुम्ही मागे वळून बसा." लाँड्रीवाला रस्त्यानं चालला होता, तो थांबून म्हणाला, "काकू, डोळे मिटून बसा, जमेल." मी डोळे मिटले आणि बसले. खरोखर बसले. पण मग गाडीतून काय दिसतं ते बघायला डोळे उघडले, तर समोर ट्रकचं चाक. जन्मभर मी रस्त्याकडे वरून पाहत आले होते. आता रस्ता माझ्याकडे वरून पाहत होता.

आणि मागे? मागे दोन खळगे आहेत. त्यांना माहितीपत्रकात आसनं म्हटलंय. ह्यांना पुढची सीट वाकवून तिथे घातलं. गुडघे कानांना लागले. "बरं वाटतंय का?" मी विचारलं. "हं," हे म्हणाले. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी कधी तक्रार केली नाही, म्हणून त्या हुंकारावरून काही ठरवता येईना.

मग नोंदणीच्या कार्यालयाचं बोलावणं आलं. कागदावर आसनं दोन, माहितीपत्रकात चार, खरं काय ते गाडी आणून दाखवा. काचेमागच्या कारकुनानं गाडी खिडकीतून पाहिली. "मागे माणूस बसतो?" मी म्हटलं, "बसलाय." तो बाहेर आला, वाकून पाहिलं. ह्यांनी आतून त्याला नमस्कार केला, म्हणजे करायला हात वर घेतला, तो तिथेच अडकला.

"हे स्वतःहून बसलेत ना?" कारकुनानं मला हळूच विचारलं.

शेवटी त्यानं साहेबांना बोलावलं, साहेबांनी दुसऱ्या साहेबांना. तिघांनी बराच खल करून तोडगा काढला की आसनं चार लिहावीत, पण प्रौढ व्यक्तींबाबत शेरा मोकळा ठेवावा. त्या मोकळ्या शेऱ्याखाली सही माझी आहे.

लोक भेटले की विचारायचे, "कशी वाटते गाडी?" मी म्हणायची, "छान." खोटं नव्हतं. गाडी खरंच छान. गादी आपोआप गरम होते. आवाज असा की मांजर लाडात आल्यासारखा. पण मला काय झालंय ते मला कळेना. एखाद्या पडद्याचं कापड उत्तम, शिलाई सरळ, रंग शोभणारा, आणि तरी खिडकी काहीतरी चुकल्यासारखी दिसते ना, तसं. मी रोज सकाळी खाली जाऊन गाडीभोवती एक फेरी मारायची आणि शोधायची. पावणेचार फूट वाढलेत, हे टेपनं सांगितलंय. मग ते आहेत कुठे? एकदा मुलाला तोंडावर विचारलं. त्यानं पुढचं झाकण थोपटलं. "इंजिन, आई. मोठं आहे ना." म्हणजे मी घेतलेली सगळी वाढीव जागा इंजिनच बळकावून बसलं होतं, आणि माझी माणसं घरी.

कारण रविवारी आम्ही सगळे फिरायला जायचो, ते बंद झालं. आता पाळ्या लागल्या. मी आणि मुलगा, सून आणि मुलगा, दोन नातवंडं आणि मुलगा. मुलगा दर वेळी. व्हॅनमध्ये एकमेकांच्या मांडीवर बसून मला घरातली सगळी बातमी लागायची, कुणाला शाळेत कोण काय बोललं, सून कशावरून फुरंगटली. आता शेजारी मुलगा, तो रस्ता बघतो आणि हसतो. त्याला काय विचारायचं?

पण फाटक राहिलं होतं ना. त्यासाठीच तर सगळं. नेहमीच्याच एका बंगल्याच्या खिडक्यांची मापं घ्यायची होती. मी चांगली साडी नेसले. गाडी फाटकाशी गेली. तोच रखवालदार. त्यानं फाटकाची दोन्ही दारं उघडली. सलाम ठोकला. गाडी दिवाणखान्याच्या पायऱ्यांशी गेली आणि तो धावत येऊन माझं दार उघडून उभा राहिला. छत्तीस वर्षांनी.

आणि मला उठता येईना.

पाय बाहेर निघाले, मी निघेना. त्यानं हात पुढे केला. ज्यानं मला माशीसारखं हाकललं त्याचा हात धरून मी वर येऊ? मी म्हटलं, "जरा गाणं संपू दे." गाडीत गाणं चालू नव्हतं. मुलानं ते पटकन लावलं, तेवढा पोरगा बरा. गाणं मोठं होतं. तोवर घरच्या बाई पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. शेवटी मी ज्या पद्धतीनं उतरले ती इथे लिहिणार नाही. रखवालदारानं मान दुसरीकडे वळवली, एवढंच सांगते. माणूस वाईट नसावा.

त्या दिवशी घरी आल्यावर मी शिवणयंत्रावर बसले, ती जेवायलासुद्धा उठले नाही. सून दोनदा येऊन बघून गेली.

आता नाट्यगृहाचं. शहरातलं जुनं नाट्यगृह नवं केलं, त्याच्या रंगमंचाचा पडदा शिवायचं काम मला मिळालं होतं. किरमिजी मखमल, दोन पाखे, म्हणजे डावा-उजवा भाग, एकेक अठरा फूट उंच. तीन महिने घरातल्या मोठ्या खोलीत दुसरं काही मांडलं नाही, नातवंडं त्या मखमलीच्या कडेकडेनं शाळेत जायची. उद्घाटनाच्या छापील कागदावर एक ओळ होती, पडद्याचं काम कुणाचं ती. माझं नाव छापलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. व्यवस्थापक फोनवर म्हणाले होते, "शनिवारी सकाळी दहाच्या आत पडदा आला पाहिजे, बाई. नाही आला तर जुनाच राहील, आणि कागद नवे छापावे लागतील."

"टेम्पो सांगू का?" सुनेनं आदल्या आठवड्यात विचारलं होतं.

"घरची गाडी असताना टेम्पो कशाला?" मी म्हटलं. मखमल फार दुमडली तर घडीची रेघ कायमची बसते, म्हणून पाखे मध्ये एकदाच दुमडून नऊ-नऊ फुटांच्या दोन गुंडाळ्या केल्या होत्या. गाडी पावणेसोळा फुटांची. नऊ फूट तिच्यात का मावू नयेत? बघा, मी दुसऱ्यांदा तेच केलं, आणि तरी माझ्या ध्यानात आलं नाही.

शनिवारी सकाळी आठ वाजता गुंडाळ्या खाली आणल्या. मागची डिकी उघडली. तिच्यात माझी शिवणाची पिशवी राहिली असती. एक गुंडाळी खिडकीतून आत घातली, ती मुलाच्या गळ्याखालून दुसऱ्या खिडकीतून रस्त्यात निघाली. मास्तर गॅलरीतून म्हणाले, "तिरकी घ्या, तिरकी." मुलगा म्हणाला, "टपावर बांधू." टप काचेचा. सेक्रेटरी म्हणाला, "गुंडाळी सामाईक जागेत ठेवलीय."  आणि आमचे हे गुंडाळीकडे बघत होते आणि मग मागच्या खळग्याकडे, आणि पुन्हा गुंडाळीकडे, जसा आपल्याच दुखण्याचा दुसरा माणूस भेटावा.

सव्वाआठ वाजले. साडेआठ वाजले. टेम्पोवाल्यांना फोन केले, शनिवारची सकाळ, एकही मोकळा नाही.

"आई," सून हळूच म्हणाली, "मी जाऊ का लाँड्रीत?"

"काही नको. मी जाते."

गल्लीच्या टोकापर्यंत शंभरेक पावलं असतील. मला वाटलं, इतकं लांब मी कधी चालले नाही. व्हॅन दुकानासमोर उभी होती, आत हॉटेलच्या धुतलेल्या चादरींचे गठ्ठे. मागच्या खिडकीला मी लावलेला छोटा पडदा अजून होता. त्यानं तो धुऊन इस्त्री करून पुन्हा लावला होता.

"आज तुझी गाडी कुठे निघालीय?" मी असंच विचारावं तसं विचारलं.

"नऊला हॉटेलात चादरी द्यायच्यात. का, काकू?"

"काही नाही."

तो इस्त्री उभी करून बाहेर आला. आमच्या फाटकाशी काय चाललंय ते त्याच्या दुकानातून चांगलं दिसतं. पण त्यानं तिकडे पाहिलं नाही. म्हणाला, "तुमची गाडी एवढी नाजूक वस्तू. तिला उगाच ओझी वाहायला लावू नये, असं मला वाटतं."

"मलाही तसंच वाटत होतं," मी म्हटलं.

"मग असं करू. तुमचा पडदा ह्या गाडीतून. चादरींचे गठ्ठे कुठेही कोंबता येतात, ते दादा पोचवतील तुमच्या गाडीतून. चालेल?"

चालेल म्हणजे काय. पण मी म्हटलं, "तुझी सोय होत असेल तर बघ."

चादरी मागच्या खळग्यांत अशा बसल्या की जणू ते खळगे त्यांच्यासाठीच कापलेत. मुलगा निघाला. गुंडाळ्या व्हॅनमध्ये सरकवल्या, मागचं दार दोरीनं बांधलं, मध्ये सून आणि नातवंडं, त्यांच्याशेजारी हे पाय लांब करून. लाँड्रीवाला चालवायला. मी पुढचं दार उघडलं, दांडा धरला आणि चढले. गुंडाळीचं टोक माझ्या खांद्यावर येऊन टेकलं. स्पीडब्रेकरवर व्हॅननं टुणकन उडी मारली आणि नातवंडं ओरडली. वाटेत मला कळलं की धाकट्याचा दात पडलाय, थोरलीनं वर्गात भांडण केलंय आणि सुनेला महिनाभर पाठदुखी आहे. एवढं सगळं माझ्या घरात चाललं होतं.

"आई, तुम्ही शोरूममध्ये आत बसून का नाही पाहिलंत?" सुनेनं मागून विचारलं. तिचा स्वर टोमण्याचा नव्हता, नाहीतर मी उत्तर दिलं नसतं.

हाताखालच्या पोरींना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवते, माप चौकटीच्या आतून घ्यायचं, बाहेरून घेणारीनं दुसरा धंदा बघावा. आणि मी बाहेरून घेतलं. कारण आत बसायला वाकावं लागलं असतं. तो कोटवाला बघत होता, आणखी दोन चकचकीत बायका बघत होत्या, आणि माझे गुडघे वाजतात. बस, एवढंच.

"माझे गुडघे वाजतात," मी म्हटलं.

 मागून हात पुढे करून सुनेनं माझ्या खांद्यावरची गुंडाळी जरा बाजूला धरली, ती थेट नाट्यगृहापर्यंत.

नाट्यगृहाच्या रखवालदारानं व्हॅन पाहून हात हलवला. "सामान मागून." मी म्हटलं, "माहितीय." मागचं दार रंगमंचावरच उघडतं, पडदा न्यायचा तर तिथूनच. मी व्हॅनमधून खाली उतरले, दोन पायांवर, कुणाचा हात न धरता, गाणं न लावता. पाऊण तासात पडदा वर गेला. दहाला पाच कमी होते. दोन्ही पाखे मधोमध मिळाले आणि फळ्यांपासून बोटभर वर थांबले. व्यवस्थापकांनी खाली वाकून ती फट पाहिली आणि माझं नाव छापलेला कागद तसाच खिशात घातला.

मुलगा तिथेच भेटला, तोंड पडलेलं. काय झालं विचारलं, तर म्हणाला, "हॉटेलवाल्यांनी मोठं फाटक उघडलं. सलाम केला. मग धावत येऊन दार उघडलं आणि आत बघितलं."

"मग?"

"चादरी."

मी सुनेकडे पाहिलं, सुनेनं पडद्याकडे. हे मोठ्यानं हसले. चव्वेचाळीस वर्षांत मी तो आवाज मोजक्या वेळा ऐकलाय.

तेव्हापासून व्यवस्था अशी लागलीय. शनिवारी आणि रविवारी व्हॅन आमच्याकडे. त्या दोन दिवशी हॉटेलच्या चादरी मोठ्या फाटकातून सलाम घेत आत जातात. त्यांना उतरायला त्रास होत नाही. लाँड्रीवाला म्हणतो, धंदा वाढलाय. मला अजून नीट कळलेलं नाही की ती गाडी माझी आहे, मुलाची आहे की चादरींची.

बाकीचे पाच दिवस ती खांबाशी नाक काढून उभी असते आणि धूळ खाते. ते मला बघवेना. मग मी जाड कापड आणलं, कडेला दुहेरी पट्टी घेतली आणि तिला एक आच्छादन शिवलं. ह्या एका कामाला माप बाहेरूनच लागतं. नवीन घ्यावं लागलं नाही, वहीत लिहिलेलं होतं. पंधरा फूट नऊ इंच. घातलं, तर नाकापासून शेपटीपर्यंत एक सुरकुती नाही.

"काय बसलंय, वहिनी," मास्तर गॅलरीतून म्हणाले. त्यांना तिरकं घ्या म्हणायला कुठे जागाच मिळेना.

मी टेप पुन्हा गळ्यात घातली. मी मापात चुकत नाही, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं.